धर्माज्ञा आणि संविधान (ग्रामीण विदर्भ)

धर्मग्रंथ, पंथ, जात किंवा रूढी यांनी घालून दिलेले विधिनिषेध आणि भारतीय संविधानाने नागरिकाला दिलेले हक्क यांचा मेळ बसतो का, याविषयीचा प्रश्न. विदर्भातल्या खेड्यांत तो ग्रंथातल्या वचनावरून क्वचितच निघतो. विहीर, देऊळ, लग्न, विटाळ, म्हातारा बैल आणि जातीची पंगत यांवरून तो निघतो.

एखादी धर्माज्ञा खरी की खोटी, हे संविधान तपासत नाही. कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. मात्र हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. एकादशी धरली, रोजा ठेवला, माळ घातल्यावर मटण सोडले, तर कायद्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. तीच आज्ञा दुसऱ्यावर लादली आणि मोडणाऱ्याचे पाणी तोडले, की प्रश्न कायद्याचा होतो. कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. गावात आपला नेम कुठे संपतो आणि गावकीचा धाक कुठे सुरू होतो, हे पाळणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

विदर्भात हा झगडा संविधानाहून जुना आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये आंदोलन झाले. त्यात पुढाकार घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख हे वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्ड येथे प्रबंध लिहून आलेले होते, म्हणजे शास्त्राधार मागणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देऊ शकणारे. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि नंतर ते संविधान सभेतही गेले. ‘विहीर बाटते’ या समजुतीला संविधानाने कलम १७ मध्ये गुन्ह्याच्या यादीत टाकले.

मात्र धर्म मागासलेला आणि कायदा पुढारलेला, अशी सरळ मांडणी करणाऱ्याने नागपूर जिल्ह्यातला पुढचा इतिहास वाचावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञाही धर्माज्ञाच. पण सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची शपथ त्यांत आहे. इथे धर्माज्ञा आणि संविधान एकाच बाजूला उभे होते. तरी फटका बसला तो कायद्याचाच. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्म सोडलेल्याला अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. शिखांना १९५६ मध्ये सूट मिळाली, बौद्धांना मिळाली नाही. इथल्या एका राखीव जागेवरून १९६२ मध्ये निवडून आलेल्या आमदाराची निवडणूक याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो जाहीरपणे पत्करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आमदार बौद्ध झाल्याचे सिद्ध झाले आणि राखीव जागेवरचा त्यांचा हक्क गेला. ज्या जातीतून बाहेर पडण्यासाठी दीक्षा घेतली, तिचे चटके गावात चालूच होते. सवलत मात्र बंद. केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडले.

कोणती आज्ञा संरक्षणास पात्र, हे ठरवण्यासाठी न्यायालये १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कसोटी वापरतात. १९५८ मध्ये बकरी ईदला गाईचीच कुर्बानी बंधनकारक नाही, शेळी किंवा उंटाचा पर्याय आहे, असे याच मार्गाने ठरले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिचा कायदेशीर आधार कलम ४८ मधील शेती व पशुसंवर्धनाचा आहे, धर्माचा नाही. निदान कागदोपत्री तरी. बैलबाजारात थकलेली जोडी घेऊन उभ्या राहिलेल्या कास्तकाराला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, गिऱ्हाईक मिळेनासे झाले, हा तिचा विदर्भातला अर्थ. ‘अत्यावश्यक भाग’ या कसोटीचा एक दोष कमी बोलला जातो : ती पोथी असलेल्यांना सोयीची आहे. ज्यांचा धर्म गाण्यात, देवाच्या जागी आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, त्या गोंड-माडिया आदिवासींनी न्यायालयात कोणते पान उघडून दाखवायचे?

जातपंचायतीचा प्रश्न त्या मानाने उघड आहे. आंतरजातीय लग्न केले म्हणून दंड, दंड न भरल्यास वाळीत टाकणे, आणि परत जातीत घ्यायचे तर जातीला जेवण, असा हा व्यवहार. बहिष्काराविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला होता. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा केला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हळदीचे बोलावणे न येणे आणि मयताला कोणी खांदा न देणे यांचा पंचनामा कसा करायचा, हे कोणत्याही ठाणेदाराला अवघडच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तुलनेने सोपी वाट धरली. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे गुन्हा. पूजा, यात्रा, कीर्तन, हरिपाठ यांना स्पष्ट सूट. पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखात ही वाटणी लोकांना परकी वाटू नये.

सर्वांत अवघड जागा गडचिरोलीत आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या अनेक गोंड-माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाकडेच्या कुर्माघरात राहावे लागते. जुनी कुर्माघरे म्हणजे गळके छप्पर, ओली जमीन, पावसाळ्यात सापाविंचवाची भीती. अलीकडे काही ठिकाणी त्याजागी पलंग, पाणी आणि संडास असलेली पक्की घरे बांधली गेली. बाईचा जीव वाचतो, हे मोठेच काम. प्रथा मात्र त्यामुळे सिमेंटची होते. केरळातल्या शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशाबाबतच्या २०१८ च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी पाळीवरून दूर ठेवणे हा कलम १७ खालच्या अस्पृश्यतेचाच प्रकार मानला. तो बाकी न्यायमूर्तींचा आधार नव्हता. उलट बाजूला १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, तिथल्या ग्रामसभेला परंपरा व रूढी जपण्याचा अधिकार देतो. त्या ग्रामसभेत बाईचे मत पुरुषाइतकेच मोजले जाते. मात्र पाळीच्या दिवसांत तिला गावातल्या सार्वजनिक जागी जायची मनाई असते, आणि सभा त्याच दिवशी भरली तर कुर्माघराबद्दलचा ठराव तिच्याविना होतो.