स्पोर्ट्स कारमधील इशारादिवे व विद्युत दोषांचे निदान (गोव्याच्या संदर्भात)

मोटारीच्या डॅशबोर्डवर लागलेल्या इशारादिव्याचा अर्थ लावून त्यामागील विद्युत, इलेक्ट्रॉनिक किंवा यांत्रिक दोषाच्या मुळापर्यंत क्रमाक्रमाने पोहोचण्याच्या पद्धतीला निदान म्हणतात. कोणत्याही मोटारीला ती लागू असली, तरी स्पोर्ट्स कारमध्ये ती अधिक किचकट होते. इंजिनाभोवती हात शिरण्याइतकीही जागा नसते, बॅटरी पुष्कळदा डिकीत किंवा पुढच्या सामानकप्प्यात असते, छत दुमडणारे असते, गाडीचे पोट जमिनीला लागेल इतके खाली असते आणि मुख्य म्हणजे अशी गाडी रोज चालवली जात नाही. गोव्यात यात समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबर या काळात मुख्यतः पडणारा वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस यांची भर पडते. त्यामुळे येथे दिवा ज्या भागाचे नाव घेतो तो भाग पुष्कळदा निर्दोष असतो आणि खरा दोष बॅटरी, अर्थिंग (प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून परत नेणारी जोडणी) किंवा एखादा ओलावलेला कनेक्टर यांपैकी कशात तरी सापडतो.

दिव्यांची चिन्हे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २५७५ नुसार ठरलेली आहेत. तांबडा दिवा तातडी दर्शवतो, पिवळा किंवा नारिंगी दिवा लवकर तपासणी करावी असे सांगतो, तर हिरवा व निळा केवळ एखादी यंत्रणा चालू असल्याचे कळवतात. ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे लागते. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ हा विचार बेअरिंगांच्या जिवावर बेततो. चोर्ला घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर हा दिवा केवळ वेगात घेतलेल्या वळणावर क्षणभर लुकलुकत असेल, तर ऑइलची पातळी कमी असून ते तळपात्रात एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असणे आणि तो उघडझाप करणे यांतही मोठा फरक आहे. उघडझाप म्हणजे सिलिंडरमधील मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणे) इतके वाढले आहे की न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो.

चावी फिरवल्यावर आणि इंजिन सुरू होण्यापूर्वी बहुतेक दिवे काही क्षण लागून विझतात. ही दिव्यांचीच चाचणी असते, म्हणून या वेळी न लागणारा दिवाही तितकाच बोलका असतो. परराज्यातून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार विकत घेताना एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर मुळीच लागला नाही, तर दोष झाकण्यासाठी कोणी तो काढून तर टाकला नाही ना, ही शंका रास्त ठरते.

दिव्यामागचा तपशील गाडीच्या संगणकात दोषसंकेताच्या रूपाने साठवलेला असतो. ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची प्रमाणित पद्धत अमेरिकेत १९९६ च्या प्रारूपांपासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल मोटारींना तिचे युरोपीय रूप २००१ पासून लागू झाले आणि भारतात २०१० मध्ये पहिला व २०१३ मध्ये दुसरा टप्पा आला. चालकाच्या पायांजवळ असणाऱ्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की पी, बी, सी किंवा यू या अक्षराने सुरू होणारा संकेत मिळतो. ही अक्षरे अनुक्रमे इंजिन व गिअर, बॉडी, चॅसिस आणि संगणकांमधील संपर्क यांसाठी आहेत. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, यू०१०० म्हणजे इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला. संकेत तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ हा पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ झाल्याचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचा) संकेत पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही नेहमीची चूक आहे. मूळ कारण तडकलेला व्हॅक्यूम पाइप, थकलेला पेट्रोल पंप किंवा मळलेला हवामापक सेन्सर असू शकते, आणि जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळेही मिश्रण त्या दिशेने झुकते, कारण इथेनॉलच्या ज्वलनाला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. संकेत पुसण्याची घाईही करू नये. तो नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, तापमान व भार यांची नोंद संकेताबरोबर असते आणि पुसल्यास तीही जाते.

संकेत पाहण्यापूर्वी व्होल्टमीटर हाती घ्यावा, हे अनुभवी वायरमनचे सांगणे आधुनिक गाडीतही खरे ठरते. काही तास उभ्या असलेल्या, पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळावेत, १२.० च्या आसपास ती जवळजवळ उतरलेली असते. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरवताना व्होल्टेज कोसळते, निरनिराळे संगणक क्षणभर भान हरपतात आणि एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स असे चार-पाच दिवे एकदम लागतात. एका वेळी पाच भाग बिघडणे दुर्मीळ आहे आणि पाचांचा पुरवठा एकच असणे ही नेहमीची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवले तर बराच खर्च वाचतो.

गोव्यातील विद्युत दोषांत अर्थिंगला पहिले स्थान द्यावे लागते. मोटारीत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि प्रत्येक दिव्याचा, पंपाचा व सेन्सरचा प्रवाह या सांगाड्यातूनच परततो. मिरामार ते दोनापावला रस्त्यावर किंवा कळंगुट-कांदोळी भागात समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीवर मिठाचा सूक्ष्म थर सतत बसतो. मीठ हवेतील ओल धरून ठेवते आणि तांब्याची तार, पोलादी बोल्ट व ॲल्युमिनियमचा पत्रा जेथे एकत्र येतात तेथे त्या खाऱ्या ओलीतून गॅल्व्हानिक गंज सुरू होतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तशी हिरवट बुरशीसारखी पूड तारेच्या टोकाशी दिसते आणि वेष्टणाच्या आतून ती काही सेंटिमीटर पुढेही सरकलेली असते. खाडीवरील फेरीबोटीच्या उतारावर चाकांनी उडालेले मचूळ पाणी तर थेट खालच्या जोडांवरच बसते.

हा दोष ओहममीटरला सहसा सापडत नाही. अनेक धाग्यांच्या तारेतील एकच धागा शाबूत असला तरी मीटर शून्याच्या जवळचा रोध दाखवतो, कारण मीटर मोजण्यापुरता अत्यल्प प्रवाह सोडतो. प्रत्यक्षात १५० अँपिअर घेणाऱ्या स्टार्टरच्या मार्गात केवळ ०.०२ ओहम रोध वाढला तरी ३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि इतका रोध साध्या मीटरने विश्वासाने मोजता येत नाही. म्हणून भारावरील व्होल्टेज-घट मोजतात. स्टार्टर फिरत असताना किंवा हेडलाइट चालू असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनाच्या किंवा दिव्याच्या अर्थवर (अर्थिंगच्या जोडावर) धरले, तर दिव्यासारख्या साध्या मंडलात आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा फार वर जाऊ नये. गेला तर जोड सोडवून, धातू चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून वर गंजरोधक लेप द्यावा. आधी ग्रीस फासून मग जोड आवळण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, पण त्यामुळे खालचा गंज तसाच राहतो. एक इंडिकेटर लावला की दुसरा दिवा मंद पेटणे, ब्रेक दाबला की मीटरचा काटा हलणे, असे भुताटकीसारखे वाटणारे प्रकार बहुधा खराब अर्थचे असतात. परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढतो.

उघड्या छताच्या गाड्यांत पाण्याचा प्रश्न निराळा असतो. छतावरील पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या झाडाच्या पानांनी व तांबड्या मातीच्या धुळीने तुंबल्या की पाणी आत उतरते. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत (९८६) इमोबिलायझरचा (योग्य चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) संगणक सीटखाली, गाडीच्या तळावर आहे; तो भिजला की चावी ओळखली जात नाही, दारांचे लॉक मनाला येईल तसे वागतात आणि गाडी सुरूच होत नाही. बीएमडब्ल्यू झेड४ च्या पहिल्या पिढीत छत उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर अशाच पाण्याने निकामी होण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मिरगापूर्वी या नळ्या मऊ तारेने साफ करणे हा सर्वांत स्वस्त विद्युत उपाय म्हणावा लागेल.

पावसाळ्यात पुष्कळ मालक स्पोर्ट्स कार झाकून ठेवतात आणि चवथीच्या सुमारास बाहेर काढू लागतात तेव्हा ती निपचित असते. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, चावीचा रिसीव्हर यांना थोडा प्रवाह लागतो. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य मानतात. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत अर्धी होते. गळती ५०० मिलिअँपिअर असेल, तर तीच बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. गळती मोजताना दारे बंद करून सर्व संगणक झोपी जाईपर्यंत थांबावे लागते, आणि काही गाड्यांत याला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. त्यानंतर फ्यूज उपसून पाहण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजणे बरे, कारण फ्यूज काढून परत बसवला की झोपलेला संगणक जागा होऊन मोजमाप बिघडते. उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. तो सेन्सरच्या तारा कुरतडतो आणि स्कॅनर मात्र सेन्सरलाच दोषी ठरवतो. बॅटरी उतरल्यावर काही पोर्शे ९११ प्रारूपांत आणखी एक पेच पडतो: बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आणि बॉनेटचे कुलूप विजेवर चालणारे. यासाठी ९९७ मालिकेत फ्यूजपेटीतून बाहेर ओढता येणारे धन टोक दिलेले आहे. त्याला बाहेरून १२ व्होल्ट दिले की बॉनेट उघडते.

संगणकांमधील संभाषण बहुधा कॅन या दोन तारांच्या जाळ्यावर चालते. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जाहीर केले. जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजल्यास ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक टोक तुटलेले आहे, शून्याजवळ आकडा आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतील जाळी यांच्यामध्ये गेटवे संगणक असतो, तेथे हे मोजमाप फक्त सॉकेटपर्यंतच्या तुकड्याचे ठरते.

मिसफायरच्या बाबतीत अदलाबदलीची जुनी युक्ती अजून उत्तम आहे. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल पहिल्यावर लावली आणि संकेत पी०३०३ वरून पी०३०१ वर सरकला, तर कॉइल दोषी. तेथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. एअरबॅगच्या बाबतीत मात्र असे प्रयोग वर्ज्य आहेत. तिच्या पिवळ्या कनेक्टरांना साधा मीटर लावू नये, कारण मीटरच्या प्रवाहानेही एअरबॅग फुगवणारे स्फोटक पेटण्याचा धोका असतो. काम करण्यापूर्वी बॅटरी सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे लागते. हा दिवा सीटखालचा कनेक्टर सैल झाल्यानेही वरचेवर लागतो.

संगणकपूर्व गाड्यांचे निदान वेगळे, पण अधिक सरळ आहे. १९६२ पासून निघालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीला बॅटरीची धन बाजू अर्थला जोडलेली होती आणि आसनांमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. १९६७ च्या सुमारास बॅटरी भारित करणारा डायनामो जाऊन त्याच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण अर्थ रूढ झाले. अशा गाडीत आजचा रेडिओ किंवा चार्जर बसवण्याआधी अर्थ कोणत्या बाजूला आहे हे तपासावे लागते. अल्टरनेटरच्या अनेक जुन्या गाड्यांत चार्जिंगचा तांबडा दिवा केवळ इशारा देत नाही. सुरुवातीला अल्टरनेटरचे चुंबकक्षेत्र उभे करणारा प्रवाह त्याच बल्बमधून जातो. बल्ब जळाला तर दिवा लागत नाही, चालकाला सर्व ठीक वाटते आणि बॅटरी मात्र भारित होत नाही.