स्वयंसांधी सिमेंट

स्वयंसांधी सिमेंट : घट्ट झाल्यावर पडलेल्या सूक्ष्म भेगा पाणी व हवा यांच्या साहाय्याने आपोआप बुजाव्यात, यासाठी विशिष्ट द्रव्ये मिसळलेले सिमेंट वा काँक्रीट. साध्या काँक्रीटमध्येही ही क्रिया अल्प प्रमाणात घडते. पाण्याशी संयोग न झालेले सिमेंटचे कण भेगेत पाणी शिरताच क्रियाशील होतात आणि मुक्त चुन्यापासून कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन केसासारखी भेग भरते.

या गुणाचे मूळ रोमन बांधकामात शोधण्याचा प्रयत्न झाला असून त्याविषयी मतभेद आहेत. रोमन चुनेकामात पांढरे खडे आढळतात. चुना नीट न मळल्याची ती खूण, असे पूर्वी मानले जाई. इटलीतील प्रिव्हर्नम या प्राचीन रोमन स्थळाच्या नमुन्यांवरून 2023 मध्ये काही संशोधकांनी असे मांडले, की कळीचा चुना (भाजलेला, पण पाण्यात न विरवलेला) तसाच मिसळल्याने हे खडे मुद्दाम राखले गेले आणि भेगेतील पाण्यात तेच विरघळून पुन्हा साखळतात. या रीतीने केलेल्या काँक्रीटमधील सुमारे 0.5 मिमी. रुंदीची भेग दोन आठवड्यांत बुजल्याचेही त्यांनी दाखविले. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हिअस मात्र विरवलेल्या चुन्याचाच उल्लेख करतो. भेग बुजण्याचा प्रयोग पटण्याजोगा असला, तरी रोमन गवंड्यांचा हेतू त्यावरून सिद्ध होत नाही.

भेगेत कॅल्शियम कार्बोनेट तयार करणाऱ्या जीवाणूंचा वापर हा अलीकडचा मार्ग होय. यूरियाचे विघटन करणारे जीवाणू प्रथम वापरले गेले. त्यात अमोनिया हे उपउत्पादन निघते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे संशोधक हेंक योंकर्स यांनी बॅसिलस वंशाच्या जीवाणूंचे बीजाणू (सुप्तावस्थेतील रूप) व कॅल्शियम लॅक्टेट सच्छिद्र मातीच्या गोळ्यांत भरून काँक्रीटमध्ये मिसळले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 100 दिवस पाण्यात ठेवल्यावर 0.46 मिमी.पर्यंतच्या भेगा भरल्या; जीवाणूविरहित नमुन्यात ही मर्यादा 0.18 मिमी. होती.

मराठवाड्यात दौलताबादचा किल्ला व औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की येथे जुने चुनेकाम पाहावयास मिळते. तेथे पांढरा खडा दिसला, तरी कळीचा चुना तसाच मिसळला होता असे ठरत नाही. दगड अर्धवट भाजल्यानेही तो राहतो. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तंतू गिलावा बांधून ठेवतात, भेग भरत नाहीत, म्हणून हे उदाहरण येथे गैरलागू आहे. चुन्यात गूळ, बेलफळ वा हिरडा यांचे पाणी घालण्याच्या भारतीय रीतीचेही बहुधा तसेच.

या प्रदेशात खरी अडचण पाण्याची. वरील आकडे सतत भिजलेल्या नमुन्यांचे आहेत आणि येथील बांधकाम पावसाळा सोडता बहुतेक काळ कोरडेच असते; त्यामुळे टाक्या, कालव्यांचे अस्तर यांनाच या मिश्रणाचा उपयोग अधिक संभवतो. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने घरांच्या भिंतींना जाणाऱ्या तड्यांत तो होत नाही, कारण असा तडा दर ऋतूत हलतो व अनेकदा काही मिलिमीटर रुंद असतो. त्यावर पायाचाच उपाय करावा लागतो.