दंतक्षयाच्या जोखमीचे मूल्यमापन

एखाद्या व्यक्तीच्या दातांना येत्या एक-दोन वर्षांत नवी कीड लागण्याची किंवा आधीची कीड पसरण्याची शक्यता किती, याचा दंतवैद्याने ठरावीक पद्धतीने घेतलेला अंदाज. त्यावरून रुग्णाला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या वर्गात घालतात. पुढची तपासणी किती महिन्यांनी करायची, एक्स-रे केव्हा काढायचा, फ्लोराइडाचा लेप द्यायचा की नाही, हे त्या वर्गावर ठरते.

निदान आणि हा अंदाज यांत अनेकदा गल्लत होते. दाढेत भोक आहे, हे झाले निदान. पण दोन माणसांच्या दाढेत सारख्याच आकाराचे भोक असले तरी एकाचे काळे, टणक आणि चकचकीत असते, म्हणजे ती कीड कधीचीच थांबलेली असते. दुसऱ्याचे पिवळट आणि मऊ असते, म्हणजे आत काम चालू आहे. सिमेंट दोन्हीकडे भरता येईल. वर्षभराने नवी दाढ धरून परत कोण येणार, ते मात्र भरलेल्या सिमेंटवरून कळत नाही.

मराठीत आपण ‘कीड’ म्हणतो खरे, पण दातात किडा नसतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणाऱ्या वैदूंवर लोकांचा विश्वास बसला, त्यात या शब्दाचाही वाटा असावा. खरा प्रकार आम्लाचा आहे. अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने बर्लिनमध्ये काम करून १८९० मध्ये मांडले, की तोंडातले जंतू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन याने साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या प्लाकचा, म्हणजे जंतूंच्या चिकट थराचा, सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) मोजला. काही मिनिटांतच तो झपाट्याने घसरला आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागला. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातून कॅल्शियम व फॉस्फेट सुटू लागतात. लाळ ते परत भरते, पण तिला मोकळा वेळ मिळाला तरच. ज्यांचे दात फार किडतात त्यांच्या तोंडात ही घसरण जास्त खोल जाते, असेही स्टीफनला दिसले. माणसामाणसांत फरक आहे आणि तो मोजता येतो, ही कल्पना इथून रुजत गेली.

तराजूची कल्पना

१९६० च्या दशकात पॉल कीज याने दात, जंतू आणि साखर अशी एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळे काढून दंतक्षय समजावला. ‘वेळ’ हे चौथे वर्तुळ नंतर आले. आजच्या मूल्यमापनामागचे चित्र मात्र तराजूचे आहे आणि ते कॅलिफोर्नियातील जॉन फेदरस्टोन यांचे. एका पारड्यात आम्ल करणारे जंतू, वारंवार खाल्लेली साखर आणि कमी लाळ. दुसऱ्यात पुरेशी लाळ, फ्लोराइड आणि स्वच्छता. पारडे कुठे झुकले आहे ते पाहायचे. वर्तुळांपेक्षा हे चित्र कामाचे, कारण साखर एका फटक्यात बंद झाली नाही तरी दुसऱ्या पारड्यात भर टाकता येते.

तोंडात काय पाहतात

सगळ्यात भरवशाची खूण अगदी साधी आहे: आतापर्यंत किती दात किडले? गेल्या तीन वर्षांत नवे भोक पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची शक्यता इतर कुठल्याही एका चाचणीपेक्षा या एका प्रश्नातून चांगली कळते. जिभेवरच्या किंवा लाळेतल्या जंतूंची मोजणी करणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू क्लार्क याने १९२४ मध्येच वेगळा काढला होता आणि तोच मुख्य गुन्हेगार असे बरीच वर्षे धरले गेले. पण आम्ल करणारे जंतू अनेक आहेत. मागचा इतिहास हाताशी असेल तर त्या पट्टीने अंदाजात फारशी भर पडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते फ्लोराइडाच्या लेपावर केलेले बरे.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. दात पुसून, हवेने वाळवून पाहिला की हिरडीलगत खडूसारखे निस्तेज पांढरे पट्टे दिसतात. हे भोकाच्या आधीचे पाऊल आणि इथून मागे फिरता येते. तान्ह्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर ते सर्वांत आधी उमटतात. बाळाचा वरचा ओठ उचलला तर आईलाही दिसतात. मात्र विदर्भात आणि नांदेडकडे एक पेच आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तिथल्या मुलांच्या दातांवरही पांढरे डाग असतात. ते डावी-उजवीकडच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि दातभर पसरलेले असतात. किडीचा डाग प्लाक साचतो तिथेच, हिरडीला चिकटून राहतो. हा फरक न पाहता मूल्यमापनाचा फॉर्म भरला तर नको त्या मुलाला जास्त जोखमीचा शिक्का बसतो.

लाळ मोजायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, काही न चघळता, तोंडात जमेल तेवढी लाळ मापाच्या भांड्यात थुंकायला सांगतात. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी आली तर तोंड खरोखर कोरडे आहे. मेण चघळायला दिल्यावर निरोगी माणसाची लाळ मिनिटाला एक-दोन मिलिलिटरपर्यंत जाते. कोरडेपणाचे कारण बहुतेक वेळा औषधांच्या पिशवीत सापडते: नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या. म्हणून आजोबांना दाखवायला नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. सगळ्यात वाईट अवस्था तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्यांची. लाळग्रंथी करपतात आणि चांगले दातही काही महिन्यांत हिरडीलगत कापल्यासारखे किडत जातात. अशा रुग्णाला बाकी काही न विचारताही सर्वांत वरच्या वर्गात टाकावे.

वय झाले की हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात. मुळावर वरचे कठीण आवरण नसते, त्यामुळे ते ५.५ पर्यंत वाट पाहत नाही, सहाच्या थोडे वर असतानाच विरघळू लागते. आयुष्यभर ‘मला कधी दाताचा त्रास नाही’ म्हणणाऱ्या आज्जींना साठीनंतर एकामागून एक दात किडल्याचे आश्चर्य वाटते, ते यामुळे.

काय विचारतात

‘गोड फार खाता का?’ या प्रश्नाला सगळे ‘छे, फार नाही’ असेच म्हणतात. विचारायचे ते असे: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेले, आणि किती वाजता? मग चहा निघतो. उठल्याउठल्या एक, ऑफिसात दोन, चारला बिस्किटाबरोबर एक, पाहुणे आले म्हणून आणखी एक. दर वेळी सामू घसरतो. जेवणात एकदाच ताटभर पुरणपोळी खाल्ली तर दातांच्या हिशेबी ती यापेक्षा स्वस्त पडते.

वारंवारतेचे हे महत्त्व एका काळ्या प्रयोगातून सिद्ध झाले. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. काही गटांना तर दिवसाला २४ पर्यंत चिकट टॉफी. संमती द्यायची त्यांची क्षमताच नव्हती आणि अनेकांचे दात त्यात गेले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही प्रत्येक प्रश्नावलीत बसलेला आहे: जेवणाबरोबरच्या साखरेने थोडे नुकसान होते, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट साखरेने प्रचंड.

चिक्की, तिळगूळ, राजगिऱ्याचा लाडू हे सगळे या चिकट गटातलेच. गूळ ‘नैसर्गिक’ असल्याने चालतो, हा समज दातांना मान्य नाही. गालात धरून ठेवलेली गोड सुपारी, रात्रभर बाळाच्या तोंडात असलेली दुधाची बाटली, झोपताना दिलेले गोड सिरप, यांची चौकशी वेगळी करावी लागते, कारण पालकांच्या लेखी हे ‘खाणे’ नसते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचे गोड दिवसाच्या गोडापेक्षा महाग पडते.

घासण्याच्या प्रश्नातही अशीच फसगत आहे. परदेशी फॉर्मवर ‘दिवसातून दोनदा घासता का?’ असा रकाना असतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक बायका ‘हो, दोनदा घासते’ असे खरेच सांगतात. पण त्या घासतात मिश्रीने, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूने. त्यात फ्लोराइडचा लवलेश नाही आणि तोंडाला कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. ‘कशाने घासता?’ हा प्रश्न आधी हवा. भारतात टूथपेस्टमध्ये दशलक्ष भागांत १००० भागांपर्यंत फ्लोराइडाला परवानगी आहे आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. अनेक आयुर्वेदिक दंतमंजनांत ते मुळीच नसते. पाण्याच्या प्रश्नाचा तर अर्थच उलटतो. अमेरिकेत नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात का, हे विचारतात. आपल्याकडे ते मिसळत नाहीत, तेव्हा बोअरच्या पाण्यात आधीच जास्त आहे का, हे विचारावे लागते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

प्रचलित पद्धती

स्वीडनच्या माल्मो विद्यापीठातील डग्लस ब्राटहॉल यांनी १९९० च्या दशकात कॅरिओग्राम हा संगणकीय कार्यक्रम तयार केला. मागची कीड, आजार, आहार, खाण्याची वारंवारता, प्लाक, जंतू, फ्लोराइड, लाळेचे प्रमाण व तिची आम्ल शमवण्याची ताकद असे घटक भरले की पडद्यावर पाच रंगांचा गोल उमटतो. हिरवा तुकडा म्हणजे नवी कीड टाळण्याची शक्यता. एक रकाना डॉक्टरच्या स्वतःच्या मताचाही असतो, हा त्यातला प्रामाणिकपणा. रुग्णाला समजावायला याइतके बोलके साधन नाही: ‘चहातली साखर सोडली तर हिरवे एवढे वाढेल’ हे तिथल्या तिथे करून दाखवता येते.

कॅम्ब्रा ही कॅलिफोर्नियाची पद्धत कागदी फॉर्मवर चालते. तिची पहिली मांडणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. किडीच्या खुणा, जोखमीचे घटक आणि संरक्षक घटक यांचे तीन गट करून ती चार वर्ग पाडते. चौथा ‘अतितीव्र’ म्हणजे जास्त जोखीम आणि त्यावर कोरडे तोंड. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक आणि त्यावरील सर्वांसाठी एक, असे दोन फॉर्म आहेत.

सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या दंत चिकित्सालयातील नोंदींवरून २०११ मध्ये कॅम्ब्राचा पडताळा घेतला गेला. पाठपुराव्यात नवी कीड सापडलेल्यांचे प्रमाण कमी जोखमीच्या गटात सुमारे २४ टक्के, मध्यम गटात ३९, जास्त गटात ६९ आणि अतितीव्र गटात ८८ टक्के होते. चढती भाजणी स्पष्ट आहे. पण पहिल्या आकड्यावर थांबायला हवे: ‘कमी जोखीम’ म्हणून निश्चिंत केलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या माणसाला कीड लागलीच. हा अंदाज हवामानखात्याच्या जातीचा आहे, भविष्यवाणी नव्हे.

वर्गानंतर काय

ब्रिटनच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीतले अंतर सरसकट सहा महिने न ठेवता जोखमीप्रमाणे प्रौढांसाठी ३ ते २४ महिने ठेवता येते. अठराखालील मुलांसाठी कमाल १२. जास्त जोखमीच्या रुग्णाला वर्षातून दोन ते चार वेळा पाच टक्के सोडियम फ्लोराइडाचा लेप लावतात, दाढांच्या खोल चिरा बुजवतात, आणि थांबवायची कीड लहान मुलाच्या दुधाच्या दातात असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावतात. त्याने किडलेला भाग काळा पडतो, म्हणून पालकांना आधी सांगणे आवश्यक.

मर्यादा

मागची कीड हाच उत्तम निर्देशक असेल, तर अंदाज यायच्या आधी नुकसान झालेले असते. दोन वर्षांच्या बाळाला मागचा इतिहासच नसतो. तिथे आईचे दात आणि घरची परिस्थिती पाहावी लागते. २०१३ मधील एका पद्धतशीर आढाव्यात या पद्धतींच्या भाकीतक्षमतेचा पुरावा मर्यादितच आढळला. भारतात आणखी एक प्रश्न आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दंतक्षय सापडला होता. निम्म्याहून जास्त वर्ग ‘धोक्यातला’ असताना एकेकाला निवडत बसण्यापेक्षा शाळेतल्या सगळ्यांनाच फ्लोराइडची पेस्ट देणे स्वस्त पडते. खासगी दवाखान्यात अडचण वेगळी: सिमेंट भरण्याचे, रूट कॅनालचे पैसे मिळतात, वीस मिनिटे प्रश्न विचारण्याचे मिळत नाहीत.

वर्ग कायमचा नसतो. दातांना तार बसली, गरोदरपणात उलट्या सुरू झाल्या, नवी गोळी लागली, रात्रपाळीत चहा वाढला, किंवा अर्धवट कवळी आली, की तोच माणूस काही महिन्यांत वरच्या वर्गात जातो; तार निघाल्यावर पुन्हा खाली येतो. म्हणून रुग्णपत्रिकेवर वर्गासोबत तारीख लिहितात आणि पुढच्या भेटीत प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारतात.