इंजिनचा रंग वाळवून भागत नाही

गेल्या पोळ्याला शेजारच्या कास्तकाराने गाडीचं इंजिन काळ्या रंगाने रंगवून घेतलं. १०० सीसीची, हवेवर थंड होणारी साधी गाडी. डब्यावर लिहिलं होतं, ६०० अंशांपर्यंत टिकतो. यंदा नवतपा लागायच्या आधी ते इंजिन मी जवळून पाहिलं. सायलेन्सरचा पाइप जिथून निघतो, तिथला हेडवरचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावरचा रंग नखानेही निघेना. खालच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता वाऱ्याला देणाऱ्या धातूच्या पात्यांवर मात्र पेट्रोलचा बोळा फिरवला आणि बोळाच काळा झाला. जिथे आच जास्त, तिथलाच रंग पक्का!

याचं उत्तर आपल्या चुलीवर आहे. बिडाचा नवा तवा आणला की त्याला जवसाचं तेल पुसट चोळून तापवतात. तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कडक, काळा थर बसतो. तेल जास्त झालं की तवा चिकट राहतो. इंजिनच्या रंगाचंही असंच आहे. त्यात रंग धरून ठेवणारं सिलिकोन रेझिन असतं. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा; वाळू आणि काच ज्या बंधाने टिकतात, तोच हा बंध. उन्हात ठेवल्यावर फक्त थिनर उडतो, रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या सुट्या राहतात आणि पेट्रोल त्यांना सहज सोडवतं. साधारण २०० अंशांवर तासभर भाजलं की साखळ्या एकमेकींना जोडून जाळं तयार होतं. खालच्या फिन्स गाडी चालताना तेवढ्या तापतच नाहीत.

म्हणून ब्लॉक (सिलिंडरचा भाग) आणि हेड उतरवून भट्टीत भाजणं मला योग्य वाटतं. आच २०० च्या फार वर नको. ओतीव ॲल्युमिनियम जास्त वेळ जास्त तापलं तर नरम पडतं. स्वयंपाकाचा ओव्हन तर कधीच वापरू नये. रंगाआधी भाग धुऊन एकदा नुसताच तापवावा. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत मुरलेलं ऑइल घामासारखं वर येतं. ते पुसलं नाही, तर त्यावरचा रंग फुगतो. मग हात पातळच मारावेत.

आमच्याकडे ४५ अंशांच्या उन्हात एक प्रश्न हमखास येतो: काळा रंग ऊन ओढतो, मग इंजिन काळं कशाला? भर दुपारचं ऊन चौरस मीटरला फार तर १००० वॅट. इंजिनच्या बाजूला दिसणारा भाग तळहाताच्या दोन-तीनपट, म्हणजे उन्हाची भर फार तर वीस-तीस वॅटची. इंजिन स्वतः टाकतं ती उष्णता किलोवॅटमध्ये. शिवाय १५० अंशांवरचा रंगवलेला पृष्ठभाग अवरक्त किरणांतून उष्णता चांगली फेकतो, चकचकीत उघडं ॲल्युमिनियम फारच कमी. गंमत म्हणजे पांढरा रंगही ती जवळपास काळ्याइतकीच फेकतो. अर्थात, धावत्या गाडीची बहुतेक उष्णता वारा नेतो.

आणि तो वाराच अडला होता. पावसाळ्यात पांदणीतून नेलेल्या त्या गाडीच्या फिन्समध्ये काळी माती वाळून दगड झाली होती. रंगाचा थर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. माती काही मिलिमीटर, आणि तिच्यातून उष्णता रंगासारखीच संथ जाते. भट्टीच्या आधी आम्ही तुराटीच्या काडीने फिन्स कोरायला बसलो. वाटीभर माती निघाली.