रडार डिटेक्टरमधील खोट्या इशाऱ्यांची गाळणी

रडार डिटेक्टर हे मोटारीच्या पुढील काचेपाशी बसवण्याचे एक ग्राही उपकरण असून, पोलिसांच्या वेगमापक रडारमधून निघालेल्या सूक्ष्मतरंग लहरी ओळखून ते चालकाला आवाज व दिवे यांच्याद्वारे इशारा देते. याच वारंवारतांवर इतरही असंख्य साधने लहरी सोडत असल्यामुळे, ज्यांच्यामागे वेगमापक नाही असे इशारे वेगळे काढून दाबून टाकणे हे या उपकरणाचे आज सर्वांत अवघड काम झाले आहे. डिटेक्टरचा वापर प्रामुख्याने अमेरिकेत होतो. तेथील बहुतेक राज्यांत खाजगी मोटारीत तो बाळगता येतो. व्हर्जिनिया राज्यात व वॉशिंग्टन डीसीमध्ये मात्र त्याला बंदी आहे, आणि आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या व्यावसायिक वाहनांत तो वापरण्यास संघराज्याच्या नियमांनीच मनाई केली आहे.

अमेरिकेतील पोलिसांची रडारे तीन पट्ट्यांत चालतात. एक्स पट्टा १०.५२५ गिगाहर्ट्झच्या आसपास, के पट्टा २४.०५ ते २४.२५ गिगाहर्ट्झ, आणि केए पट्टा ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ असा पसरलेला आहे. केए पट्ट्यातील बहुतेक रडार बंदुका, म्हणजे पोलिसांची वेगमापक रडारे, ३३.८, ३४.७ व ३५.५ गिगाहर्ट्झजवळ चालतात. दुकानांच्या व इस्पितळांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांवरील संवेदक एक्स व के या दोन्ही पट्ट्यांत काम करतात. रस्त्यावरील वाहने मोजणारे संवेदक आणि ‘तुमचा वेग’ दाखवणारे फलक के पट्ट्यात असतात, आणि शेजारच्या मार्गिकेतील न दिसणारे वाहन हेरणारी, मोटारींच्या मागील बंपरमध्ये दडवलेली लहान रडारेही बहुतांशी २४ गिगाहर्ट्झच्याच परिसरात आहेत.

अडचणीचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. वेगमापक रडार डॉप्लर परिणामावर चालते, म्हणजे वाहनावर आपटून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेला फरक मोजून ते वेग काढते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या रडारसमोरून ताशी १०० किमी वेगाने मोटार सरळ येत असेल, तर हा फरक सुमारे ४,५०० हर्ट्झ, म्हणजे मूळ वारंवारतेच्या साधारण चोपन्न लाख भागांपैकी एक भाग इतकाच असतो. शिवाय तो परतणाऱ्या लहरीत उमटतो आणि बंदुकीलाच कळतो. बाहेर पडणाऱ्या लहरीवर कोणतीही खूण नसते. जुन्या पद्धतीची पोलीस बंदूक आणि दारावरचा संवेदक ही दोन्ही साधने एकाच वारंवारतेवर स्थिर, सलग लहर सोडतात, आणि डिटेक्टरच्या अँटेनापाशी पोहोचेपर्यंत त्यांच्यात मूलतः काहीच वेगळेपण उरत नाही. म्हणून खोटा ठरणारा इशारा हा बहुधा उपकरणाचा भास नसतो. लहर खरीच असते, तिचा उगम तेवढा वेगळा असतो. तो उगम डिटेक्टरला अप्रत्यक्ष पुराव्यांवरून, म्हणजे वारंवारता, टिकलेला काळ, लहरीची हालचाल, तीव्रता, दिशा आणि ठिकाण यांवरून ताडावा लागतो. गाळणीच्या सर्व पद्धती याच पुराव्यांचा वापर करतात.

काही खोटे इशारे खुद्द डिटेक्टरांमुळेच निर्माण होतात. १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्ह कंपनीने ‘एस्कॉर्ट’ हा डिटेक्टर बाजारात आणल्यापासून सुपरहेटेरोडाइन ग्राही रूढ झाला. या रचनेत उपकरण स्वतःच्या आंदोलकाची लहर बाहेरून आलेल्या लहरीत मिसळते आणि त्यांच्यातील फरकाची वारंवारता तपासते. रूढ रचनेत आंदोलक सुमारे ११.५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्यातून साधारण १ गिगाहर्ट्झ वजा केल्यास एक्स पट्टा मिळतो, आणि त्याच्या दुपटीत तेवढेच मिळवल्यास के पट्टा मिळतो, त्यामुळे एकाच आंदोलकावर दोन पट्ट्यांचे काम भागते. परंतु ही लहर अँटेनातून थोडीफार बाहेर गळते आणि तिची तिप्पट केए पट्ट्यात जाऊन पडते, म्हणून मागून येणाऱ्या मोटारीतील हलक्या दर्जाचा डिटेक्टर पुढच्या मोटारीत केए पट्ट्याचा इशारा वाजवू शकतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा गळक्या स्वस्त उपकरणांचा बाजारात सुळसुळाट झाला, तेव्हा नामांकित उत्पादकांना त्यांच्या लहरी ओळखून वगळणारी वेगळी मंडले बसवावी लागली. याच गळतीच्या मागावर राहून डिटेक्टर बाळगणाऱ्यांना पकडणारी ‘व्हीजी-२’सारखी यंत्रे पोलिसांच्या हाती आली. गळतीमुळे उपग्रह संदेशवहनात व्यत्यय येऊ लागल्यावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २००२ मध्ये डिटेक्टरांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. तो नियम उपग्रहांच्या रक्षणासाठी होता, तरी डिटेक्टरांनी एकमेकांना फसवण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी झाले.

गाळणीचे सर्वांत जुने साधन म्हणजे ‘सिटी’ व ‘हायवे’ असे दोन स्थितींचे बटण. शहरी स्थितीत उपकरण एक्स किंवा के पट्ट्यातील दुबळ्या लहरींकडे दुर्लक्ष करते आणि लहर विशिष्ट तीव्रतेपर्यंत पोहोचल्यावरच बोलते. एखादा पट्टा पूर्णपणे बंद ठेवणे हा याच विचाराचा टोकाचा प्रकार होय. पोलिसांनी एक्स पट्टा बहुतेक ठिकाणी सोडून दिल्यामुळे अनेक चालक तो बंद ठेवतात, मात्र न्यू जर्सी व ओहायोसारख्या राज्यांत तो पुढेही बराच काळ वापरात राहिला. केवळ तीव्रतेवर भिस्त ठेवणारी गाळणी फार भरवशाची नसते, कारण वळणापलीकडच्या किंवा टेकडीआडच्या पोलीस रडारची लहरही दुबळीच पोहोचते, आणि चालकाला सर्वाधिक उपयोगी पडणारा इशारा नेमका तोच असतो. १९९२ मध्ये आलेल्या ‘व्हॅलेंटाइन वन’ने याहून वेगळा मार्ग धरला. पुढे व मागे अशा दोन अँटेना बसवून लहर कोणत्या दिशेने येते ते बाणांनी दाखवायचे, एकाच वेळी किती स्रोत चालू आहेत त्यांची संख्या दाखवायची, आणि निवाडा चालकावर सोपवायचा, अशी त्याची रीत होती. रोजच्या वाटेवरच्या दुकानाजवळ नेहमी एक आकडा दिसत असेल आणि एखाद्या दिवशी दोन दिसले, तर चालक सावध होतो.

ठिकाणाच्या आधाराने गाळणी करणे जीपीएसमुळे शक्य झाले, आणि स्थिर स्रोतांपुरती ही पद्धत इतर सर्वांपेक्षा सरस आहे. एखाद्या जागी एखाद्या वारंवारतेची लहर काही फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा आढळली, की उपकरण ती जागा आणि ती वारंवारता या दोहोंची जोडी स्मृतीत नोंदवते व पुढच्या वेळी गप्प राहते. या नोंदीला ‘लॉकआउट’ म्हणतात. जोडी नोंदवण्याला महत्त्व आहे, कारण केवळ जागा नोंदवली तर त्याच दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोलिसाचे रडारही दडपले जाईल. दारावरच्या संवेदकांची वारंवारता तापमानाप्रमाणे सरकत असल्यामुळे नोंदलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना काही मेगाहर्ट्झची मोकळीक ठेवावी लागते. ही मोकळीक फार आखूड ठेवल्यास थंडीत तेच दार पुन्हा नवे वाटते, आणि सैल ठेवल्यास जवळच्या वारंवारतेवरील पोलीस बंदूक तिच्यात झाकली जाते. दार काढून टाकले गेल्यास जुनी नोंद पुसली जावी, म्हणून बरीच उपकरणे काही फेऱ्यांत लहर न आढळल्यास स्वतःहून नोंद रद्द करतात. केए पट्ट्यातील लहरी सहसा अशा आपोआप नोंदवल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण त्या पट्ट्यात निरुपद्रवी स्थिर स्रोत कमी असल्याने इशारा खरा असण्याची शक्यता मोठी असते.

जीपीएसचा वाहनांवरील रडारांपुढे मात्र काही उपयोग होत नाही, कारण तो स्रोत मोटारीबरोबरच धावत असतो. येथे लहरीचे वर्तन तपासावे लागते. बंपरमधील रडार आणि रस्त्यावरील वाहनमोजणीचे संवेदक बहुधा आपली वारंवारता काही मेगाहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत वेगाने वरखाली सरकवतात व त्या सरकण्यावरून अंतर काढतात. पोलिसांची नेहमीची बंदूक मात्र एका वारंवारतेवर ठाम असते. डिटेक्टर आपला पट्टा एका सेकंदात अनेक वेळा चाळतो. एका चाळणीत दिसलेली लहर पुढच्या चाळणीत तेथेच सापडली तर ती पोलिसांची असण्याची शक्यता वाढते, आणि दर वेळी नव्या जागी दिसली तर ती वाहनावरील रडारची समजून वगळली जाते. यासाठी संख्यात्मक संकेत-प्रक्रिया करणारे वेगवान प्रोसेसर लागले, आणि ते आल्यानंतरच्या डिटेक्टरांत के पट्ट्याचा गोंगाट लक्षणीयरीत्या घटला. जुन्या डिटेक्टरांचे मालक आज के पट्टाच बंद करून टाकतात, यामागेही हेच कारण आहे.

या तपासणीची किंमत वेळेत मोजावी लागते. लहर पुन्हा दिसेपर्यंत थांबायचे तर इशारा उशिरा येतो, आणि पोलिसाने बंदूक क्षणभरच चालू केली तर तो येतच नाही. एमपीएच इंडस्ट्रीज या कंपनीने ‘पॉप’ नावाने आणलेल्या पद्धतीत स्पंद एका सेकंदाच्या दशांशाहूनही कमी काळ टिकतो. तो पकडण्यासाठी उपकरण अधिक अधीर ठेवले की खोटे इशारे वाढतात. याहून मोठा पेच स्वयंचलित छायाचित्रण रडारांनी निर्माण केला. जर्मनीतील येनॉप्टिक कंपनीचे ‘मल्टाराडार सीडी’ हे के पट्ट्यात अल्पशक्तीच्या, वारंवारता बदलत जाणाऱ्या लहरी सोडते, म्हणजे गाळणीच्या दृष्टीने ते हुबेहूब वाहनावरील रडारसारखे दिसते, आणि काटेकोर गाळणी असलेले डिटेक्टर त्याच्यासमोरून निमूटपणे निघून जात. उत्पादकांना पुढे या रडारच्या वारंवारता-बदलाचा विशिष्ट साचा ओळखणारी सॉफ्टवेअर सुधारणा द्यावी लागली, आणि ती चालू केल्यावर काही मोटारींची रडारे पुन्हा इशारे वाजवू लागली.

रडारऐवजी लेझरने वेग मोजणाऱ्या बंदुकांच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. सुमारे ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या या अवरक्त स्पंदांना निश्चित लय असते, त्यामुळे डिटेक्टर ती लय तपासून सूर्यप्रकाश व दिव्यांच्या झळाळीला वगळतो. काही मोटारींच्या अंतर राखणाऱ्या क्रूझ यंत्रणेतील लेझर तेवढे त्याला चकवतात.

मोटारींतील रडारे हळूहळू ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे सरकत आहेत. हा पट्टा डिटेक्टर ऐकतच नाहीत, त्यामुळे तेथील रडारांचा त्यांना उपद्रव होत नाही. युरोपात २४ गिगाहर्ट्झभोवतीची अतिरुंद पट्ट्याची वाहन-रडारे नव्या मोटारींत बसवण्याची मुभा टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली, आणि अमेरिकेच्या आयोगानेही २०१७ मध्ये वाहन-रडारांसाठी ७६ ते ८१ गिगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा खुला केला. मात्र आधी विकल्या गेलेल्या मोटारी पुढेही अनेक वर्षे रस्त्यावर राहणार असल्याने के पट्ट्यातील गाळणीची गरज इतक्यात संपणारी नाही.