खाडीतला मासा: चूल काय काढते आणि काय काढू शकत नाही

मिठी नदी, माहूलची खाडी, मालाडची खाडी, ठाण्याची खाडी यांपैकी कुठल्याही काठावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर काळ्या चिखलाचा वास येतो आणि त्याच चिखलात गुडघाभर उतरून पाग टाकणारी, चिंबोऱ्या धरणारी, शिंपल्या वेचणारी माणसेही दिसतात. हा मासा खाण्याजोगा आहे का, असा प्रश्न मुंबईत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण शहराच्या पाण्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची घाण असते. एक जिवंत असते, म्हणजे सांडपाण्यातून आलेले जिवाणू आणि विषाणू. दुसरी निर्जीव असते: पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि वर्षानुवर्षे न विघटणारी रसायने. पहिलीचा बंदोबस्त स्वयंपाकघरात बऱ्याच अंशी होऊ शकतो, दुसरीचा जवळजवळ होत नाही.

आधी जिवंत घाणीचा विचार करू. आंघोळीसाठी आणि व्यापारी मासेमारीसाठी समुद्राचे पाणी योग्य ठरायचे असेल, तर त्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या १०० पेक्षा जास्त असू नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. ज्या खाडीत नाले थेट उतरतात तिथे हा निकष पाळला जाणे कठीण आहे, हे काठावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तरीही अशा पाण्यातून काढलेल्या ताज्या, निरोगी माशाचे मांस आतून सहसा स्वच्छ असते, कारण जंतू त्वचेवर, कल्ल्यांत आणि आतड्यात राहतात. कल्ले आणि पोटातली घाण काळजीपूर्वक काढली, विळी आणि हात लगेच धुतले, त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरली नाही आणि मासा आतपर्यंत शिजवला, तर हा धोका खूपच कमी होतो.

तिसऱ्या, खुबे आणि कालवे या शिंपल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि माझ्या मते खाडीच्या मासळीतला सर्वांत दुर्लक्षित धोका तिथेच आहे. हे जीव पाणी गाळून जगतात. अनुकूल परिस्थितीत एक मोठे कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकते, आणि त्या पाण्यातले विषाणू त्याच्या पचनसंस्थेत साठत जातात. माशाचे पोट आपण काढून टाकतो, पण शिंपलीचे मात्र पोटासकट खातो. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये सांडपाण्याने दूषित झालेल्या शिंपल्या अर्धवट शिजवून खाल्ल्यामुळे सुमारे ३ लाख लोकांना ‘हिपॅटायटिस ए’ प्रकारची कावीळ झाली होती. आपल्याकडे शिंपल्या कच्च्या खाण्याची रीत नाही हे खरे, पण वाफेवर कवच उघडले की झाले, असा समज घरोघरी आहे. कवच उघडते ते बरेच आधी. कावीळकारक विषाणू निष्प्रभ व्हायचा असेल, तर मांसाच्या आतले तापमान ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन तिथे किमान दीड मिनिट टिकावे लागते. म्हणून कवच उघडल्यानंतरही रस्सा चांगला खळखळू द्यावा. शिंपल्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या की रेती निघते आणि थोडे जिवाणूही कमी होतात, पण विषाणू सहज निघत नाहीत आणि धातू तर निघतच नाहीत.

आता निर्जीव घाण. ठाणे–बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातून आणि उल्हास नदीच्या काठच्या कारखान्यांतून अनेक दशके जे वाहत आले, त्याचा मोठा भाग पाण्यात न राहता गाळात बसला. उल्हासच्या आणि ठाणे खाडीच्या गाळात पारा साठल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. गाळातले काही जिवाणू या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि खरा धोका या रूपात असतो. सूक्ष्म जीवांकडून किड्यांकडे, किड्यांकडून लहान माशांकडे आणि तिथून मोठ्या शिकारी माशांकडे तो जातो. प्रत्येक पायरीवर शरीरात शिरलेला पारा बाहेर पडणाऱ्यापेक्षा जास्त असतो, म्हणून वरच्या पायरीवरच्या माशात तो सर्वाधिक सापडतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार याच वाटेने झाला. तिथे स्वतःला फारसा त्रास न झालेल्या मातांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली.

मिथाइल पारा माशाच्या चरबीत नसून मांसातील प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे हळद-मीठ लावून ठेवणे, आंबटाच्या पाण्यात ठेवणे, तळणे किंवा उकळणे यांपैकी कशानेही तो निघत नाही. किती खाल्ले तर चालेल, याचा हिशेब मात्र करता येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते. मासळीत दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथाइल पारा असेल, तर आठवड्याला सुमारे १९० ग्रॅम खाल्ल्यावर ही मर्यादा संपते. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका पारा असलेली मासळी मात्र जवळपास १ किलो ९०० ग्रॅम खाता येते. १५ किलो वजनाच्या मुलासाठी पहिल्या मासळीचा वाटा अवघा ४८ ग्रॅम, म्हणजे एखादी लहान तुकडी.

या हिशेबात बोय थोडी चकित करते. तिचे पोट फाडले की आत जाड भिंतीचा गोळा आणि त्यात खाडीचा बारीक काळा गाळ भरलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की यापेक्षा दूषित मासा नसेल. पण गाळावर आणि शेवाळावर जगणारी बोय अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवर असते, म्हणून तिच्या मांसात पारा साधारणपणे कमी असतो, तर त्याच खाडीत लहान मासे खाऊन वाढलेल्या मोठ्या जिताड्यात तो अधिक असण्याची शक्यता असते. बोईचा दोष दुसराच आहे. तेलकट गाळामुळे कधी कधी तिला रॉकेलचा वास येतो, आणि असा मासा टाकून द्यावा हे उत्तम. मात्र वास आला नाही म्हणून मासा निर्धोक ठरत नाही, कारण पाऱ्याला आणि कॅडमियमला वास नसतो.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन तेल कांदळवनांपर्यंत पोहोचले होते. अशा वेळी मासे आणि शिंपल्या यांच्यातला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेलातील अनेक घातक संयुगे मासे यकृतात बऱ्याच वेगाने मोडून टाकतात, पण शिंपल्यांना ते नीट जमत नाही आणि ती संयुगे त्यांच्यात जास्त काळ राहतात.

चिंबोरीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कवच उचलल्यावर आत जो पिवळसर-हिरवा मऊ भाग दिसतो, तो अनेकांना फार आवडतो. तो चिंबोरीच्या यकृताचे काम करणारा अवयव असून कॅडमियम, तसेच पीसीबीसारखी (कारखान्यांत वापरली गेलेली, न विघटणारी) चरबीत विरघळणारी रसायने तिथेच साठतात. अमेरिकेतल्या हडसन नदीत १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी सोडले गेले आणि आजही न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य खाते तिथल्या खेकड्यांचा हा भाग खाऊ नये, शिवाय ते ज्या पाण्यात उकडले ते पाणीही फेकून द्यावे, असे सांगते. आपल्या खाडीतल्या चिंबोरीलाही हाच नियम लावावा. आपण तर तो भाग रश्शात उतरवतो. कॅडमियम एकदा माणसाच्या मूत्रपिंडात गेले की निम्मे बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात.

चिलापी आणि मांगूर घाणेरड्या तलावात आणि नाल्यातही जगतात, म्हणून ते काटक आणि म्हणून चांगले, असा तर्क ऐकू येतो. कमी प्राणवायूत तग धरणे आणि मांस स्वच्छ असणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

यावरून मासे खाणेच सोडावे असे मुळीच नाही. खुल्या समुद्रातून येणारे बोंबील, मांदेली, तारली आणि बांगडे अल्पायुषी व लहान असल्याने त्यांत पारा कमी असतो आणि मेंदूला लागणारी मेदाम्ले त्यांतून मिळतात. खाडीतला मासा खायचाच असेल, तर लहान घ्यावा, पोट आणि यकृत टाकावे, एकाच जागेचा मासा रोज खाऊ नये. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी नाल्याच्या मुखाजवळची मासळी टाळावी, शिंपल्या तर कोणीही तिथल्या खाऊ नयेत. मेलेला, तरंगत आलेला मासा उचलू नये.

हा सल्ला पाळणे सर्वांना सारखे सोपे नाही. बाजारातून निवडून आणणाऱ्याला पर्याय असतो. पण खाडीकाठच्या ज्या घरांत रात्रीचे कालवण दुपारच्या ओहोटीवर अवलंबून असते, तिथे एकाच जागेची मासळी आठवड्यातून अनेकदा शिजते आणि ती कुठल्याच बाजारात, म्हणून कुठल्याच तपासणीत येत नाही. म्हणून नमुने बाजारातून न घेता पाग टाकणाऱ्याच्या टोपलीतून घेतले पाहिजेत आणि निवटी, बोय, चिंबोरी, खुबे यांचे निकाल वेगवेगळे, मराठीत, त्याच धक्क्यावर लावले पाहिजेत. हे वर्षातून एकदा करून भागणार नाही. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांचा साचलेला गाळ एकदम खाडीत उतरतो, म्हणून निदान मे महिन्यात एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा अशी तपासणी व्हायला हवी.