देशीवाद

मराठी साहित्यटीकेतली एक भूमिका. लिखाण ज्या मातीतून येतं तिच्या मापानेच ते जोखावं, आणलेल्या फूटपट्टीने नाही, असं थोडक्यात. नाव जोडलं जातं भालचंद्र नेमाडेंशी (जन्म १९३८, सांगवी, खानदेश). मांडणी साधारण १९८० च्या दशकातली, त्यांच्या 'टीकास्वयंवर' या टीकालेखांच्या पुस्तकाला १९९१ चं साहित्य अकादमी मिळालं.

शब्दाचं मूळ वादाचं आहे. काही जण म्हणतात हे 'नेटिव्हिझम'चं सरळ भाषांतर, कारण राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४३ मधेच नेटिव्हिस्टिक चळवळींवर लिहिलं होतं. पण आपल्याकडे मार्गी-देशी (शास्त्रातलं आणि लोकांतलं) ही जोडी त्याहून कितीतरी जुनी, संगीतावरच्या 'बृहद्देशी'च्या नावातच देशी आहे, हेमचंद्राने बाराव्या शतकात देशी शब्दांचा कोश केला, आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी तर गीतेला 'देशीकार लेणें' केलं म्हटलंय (शके १२१२, म्हणजे १२९०). दुसरं मत जास्त पटतं, फक्त मागचा 'वाद' मात्र विसाव्या शतकाचाच.

कादंबरी आधी, सिद्धांत नंतर हे विसरायला होतं. नेमाडेंची 'कोसला' १९६३ ची. त्यातला पांडुरंग सांगवीकर वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ', 'वगैरे' लावतो, ही काही खेड्यातली बोली नाही, पुण्यात शिकायला आलेल्या पोराची आहे, त्यामुळे देशी म्हणजे ग्रामीण हा समज इथेच पडतो. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तिथे मात्र सगळी चेष्टा गळून पडते. पुढे चांगदेव पाटीलच्या चार कादंबऱ्या (१९७५-७९), 'हिंदू' (२०१०), २०१४ चं ज्ञानपीठ.

ठाणे-नवी मुंबईकडे या चर्चेला एक घरचंच उदाहरण आहे, ते फारसं कुणी घेत नाही. आगरी लग्नात धवलारीण, म्हणजे विधीची गाणी म्हणणारी बाई, बसते, मांडव, हळद, एकेका विधीला तिचा धवला (लग्नगीत) ठरलेला, पूर्वी बरीचशी लग्नं तीच लावायची, भटजी नसला तरी चालायचं. आणि तेराव्या शतकातल्या महानुभाव महदाइसेच्या लग्नगीतांचं नावही 'धवळे'च. एकातून दुसरं आलं असं म्हणणं घाईचं होईल, दोन्ही एका जुन्या गाण्याच्या प्रकारातून आले असावेत हे जास्त सावध. आता गावठाणातल्या हळदीला डीजे असतो, धवलारीण असलीच तर त्याच्या आधी अर्धा तास, माईकशिवाय.